गोव्यातला घाम, पंखा आणि एसी: काय कधी लावायचं

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. रात्री अकरा वाजता आईच्या खोलीत गेले तर एसी १८ वर, ती दोन चादरी अंगावर घेऊन पडलेली, आणि तरीपण म्हणते, "अगो, अंग चिकट चिकट लागतंय बघ." चादरीला हात लावला तर खरंच दमट, उशीचा अभ्रा पण दमट. म्हणजे थंडी वाजतेय आणि घाम पण येतोय, दोन्ही एकदम! वर बघितलं तर खिडकीवरचं जुनं व्हेंटिलेटर सताड उघडं होतं आणि दाराखाली दोन बोटं फट. बाहेरची ओली हवा रात्रभर आत येत होती आणि एसी बिचारा ती वाळवत बसला होता. व्हेंटिलेटरला आतून पुठ्ठा लावला, दाराशी जुनी चादर गुंडाळून ठेवली, एसी २६ केला आणि छताचा पंखा दोनवर लावला. अर्ध्या तासानं आईनं एक चादर स्वतःच बाजूला केली आणि झोपली.

तेव्हापासून जो कोणी विचारेल त्याला मी हेच सांगते की गोव्यात आपलं भांडण गरमीशी कमी आणि दमट हवेशी जास्त आहे. आकडे बघा, मे मधे आपल्याकडे कमाल तापमान ३३-३४ असतं, नागपूर-चंद्रपूरला ४५ पर्यंत जातं, मग आपला जीव एवढा नकोसा का होतो? कारण अंग थंड होतं ते घाम आल्यानं नाही, घाम वाळल्यानं. तिथे घाम येतो आणि लगेच उडून जातो, इथे हवा आधीच पाण्यानं भरलेली असते त्यामुळे घाम नुसता निथळत राहतो. त्यात रात्री पण पारा २६-२७ च्या खाली उतरत नाही, म्हणून अंगाला सुट्टीच मिळत नाही. मग उपाय दोनच, हवा हलती ठेवायची आणि जमेल तेवढी कोरडी करायची. थंड करणं त्यानंतर. हा क्रम डोक्यात बसला की पंखा कसा लावायचा, एसी कितीवर ठेवायचा, नवीन काय घ्यायचं हे सगळं आपोआप सुटतं.

एक गंमत सांगते, एसीचा जन्मच मुळी दमटपणामुळे झालाय. १९०२ साली अमेरिकेत न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका छापखान्यात उन्हाळ्यात दमट हवेनं कागद फुगायचे आणि रंगांची छपाई एकावर एक नीट बसायची नाही, म्हणून विलिस कॅरिअर नावाच्या तरुण इंजिनिअरनं हवेतलं पाणी काढायचं यंत्र आखलं. माणसांना गार वाटावं हा उद्देशच नव्हता. जुलैत आमच्या मागच्या दाराचा पल्ला फुगतो आणि लाथ मारल्याशिवाय उघडत नाही, तीच भानगड.

आता पहिलं म्हणजे काय करू नका. कूलर घेऊ नका. दरवर्षी उन्हाळ्यात कोणीतरी नागपूर-सोलापूरचे पाहुणे येतात आणि म्हणतात अहो एवढा एसीचा खर्च कशाला, पाच-सात हजाराचा कूलर घ्या, गवताला पाणी सोडा, मस्त गार हवा. त्यांच्याकडे खरंच मस्त, कारण कूलर पाणी वाळवून हवा गार करतो आणि तिथली कोरडी हवा ते पाणी लगेच शोषून घेते. आपल्याकडे हवेत पाणी घ्यायला जागाच नाही, त्यामुळे कूलर नुसता खोलीत अजून ओलावा भरतो, तासाभरात फरशी ओली, गाद्या ओल्या आणि आपण घामाघूम. ओला टॉवेल पंख्यासमोर टांगणं, संध्याकाळी खोलीत पाणी शिंपडणं, हे पण त्यातलंच. अंगणात शिंपडा खुशाल, बंद खोलीत नको.

मग घराकडे बघा, मशीन नंतर. जुनी कौलारू घरं का गार असतात? चिऱ्याच्या जाड भिंती, उंच छप्पर, आणि मंगळुरी कौलांच्या फटीतून वरची गरम हवा सतत बाहेर जाते. स्लॅबच्या घरात उलटं होतं. दिवसभर स्लॅब ऊन पितो आणि रात्री ती सगळी गरमी खाली सोडतो. रात्री दहा वाजता स्टुलावर चढून स्लॅबला हात लावून बघा, इस्त्री बंद करून थोडा वेळ झाल्यावर जशी लागते तसा कोमट लागतो. मग छताचा पंखा त्याच स्लॅबजवळची हवा आपल्या अंगावर ढकलतो आणि आपण म्हणतो पंखा गरम हवा फेकतोय. पंख्याचा काय दोष!

त्यामुळे स्लॅबवर ऊन पडू न देणं हे सगळ्यात महत्त्वाचं काम आहे. पावसासाठी बऱ्याच जणांनी वर पत्रे घातलेले असतातच, ते चांगलंच, फक्त पत्रा आणि स्लॅबच्या मधली जागा चारी बाजूनी बंद करून टाकू नका, दोन बाजू तरी मोकळ्या ठेवा म्हणजे वारा आरपार जाईल, नाहीतर तिथे भट्टी तयार होते. पत्रे नसतील तर पांढरा उष्णता परतवणारा पेंट किंवा साधा चुना मारा, आपल्या पावसात चुना टिकत नाही त्यामुळे तो दरवर्षी पाऊस गेल्यावर परत मारायची तयारी ठेवा. आणि पश्चिमेच्या खिडक्या! दुपारी तीन ते सहा तिथून जे ऊन आत येतं त्यानं अख्खी संध्याकाळ जाते. आतून पडदा लावून अर्धाच उपयोग, कारण काचेतून एकदा ऊन आत आलं की त्याची गरमी आतच राहते. ते बाहेरच अडवायला हवं, बांबूची चिक लावा, जाळीवर वेल सोडा, नाहीतर आपली जुनी पद्धत, चुडतांची (माडाच्या झावळ्यांची) विणलेली मल्लां, म्हणजे झापं, बाहेरून बांधा. आमच्या आजीच्या वेळी ती पावसात भिंती वाचवायला बांधायचे, मी तीच उन्हाळ्यात पश्चिमेच्या खिडकीला बांधली, खर्च नावालाच, आणि त्या खोलीत संध्याकाळी शिरल्यावर फरक कळतो.

वारा कुठून येतो ते पण बघून ठेवा. किनाऱ्याकडे दुपारी समुद्रावरून म्हणजे पश्चिम-वायव्येकडून वारा सुटतो, रात्री उलटा, जमिनीकडून समुद्राकडे, पण मंद. पणजी-मिरामारला दुपारचा वारा छान लागतो, आमच्या डिचोली-साखळीकडे तो उशिरा आणि थकूनभागून पोचतो. घरात वारा कसा फिरतो हे बघायला मी एक साधी गोष्ट करते, संध्याकाळी उदबत्ती पेटवून एकेका खिडकीशी आणि दाराशी धरते. धूर आत वळला तर तिथून हवा येतेय, बाहेर ओढला गेला तर तिथून जातेय, आणि सरळ वर गेला तर त्या खिडकीचा हवेसाठी काही उपयोग नाही, निदान त्या वेळी तरी. आमच्याकडे असं करताना कळलं की मधल्या खोलीचं दार आम्ही कायम लावून ठेवायचो आणि त्यानं पुढच्या पडवीपासून मागच्या न्हाणीपर्यंतचा सगळा वारा अडत होता. दार उघडलं, खाली वीट लावली, काम झालं. एक पैसा खर्च नाही.

वाराच नसेल, झाडाचं पानसुद्धा हलत नसेल, तर टेबल फॅन वापरायचा, पण उलटा. म्हणजे रात्री आठ-नऊ नंतर बाहेरची हवा आतल्यापेक्षा बरी झाली की फॅन खिडकीत तोंड बाहेर करून ठेवा आणि समोरच्या बाजूची खिडकी उघडी ठेवा. फॅन आतली कोंडलेली गरम हवा बाहेर फेकतो आणि समोरून ताजी हवा आपोआप आत येते. बऱ्याच जणांना हे विचित्र वाटतं, फॅन अंगावर लावायचा सोडून बाहेर का, पण वीस-पंचवीस मिनिटं करून बघा आणि मग अंगावर लावा. डासांची जाळी असेल तर ती आधी जुन्या टूथब्रशनं घासा, धूळ आणि खारट चिकट थर बसून जाळी अर्धी बंद झालेली असते आणि आपण वारा येत नाही म्हणून वाऱ्याला नावं ठेवत बसतो.

आता छताचा पंखा. पंखा खोली थंड करत नाही, माणसाला थंड करतो, घाम वाळवून. उलट मोटर थोडी गरमीच सोडते, त्यामुळे खोलीत कोणी नसताना पंखा चालू ठेवणं म्हणजे नुसती वीज जाळणं. खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करायची सवय घरात सगळ्यांना लावा, पोरांना पण. पाती जमिनीपासून आठ-नऊ फुटांवर असावीत आणि छतापासून निदान फूटभर खाली, छताला चिकटून लावलेल्या पंख्याला वरून हवाच मिळत नाही. कौलारू घरात छप्पर पंधरा फूट वर असतं आणि पंखा वर तुळईला आखूड दांडीवर टांगलेला असतो, खाली झुळूकसुद्धा पोचत नाही, तिथे लांब दांडी घाला, इलेक्ट्रिकच्या दुकानात सहज मिळते.

पात्यांवर धूळ बसली की वारा कमी होतो, आपल्याकडे तर खाऱ्या दमट हवेनं कडेला काळा चिकट थर बसतो तो नुसत्या फडक्यानं जात नाही. जुना उशीचा अभ्रा साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळायचा, पात्यावर चढवायचा आणि ओढायचा, मळ सगळा अभ्र्यात, डोळ्यात काही पडत नाही. अर्थात मेन स्विच बंद करून. आणि पंखा हळू फिरायला लागला म्हणून लगेच नवीन घेऊ नका, बहुतेक वेळा कंडेन्सर गेलेला असतो, घरगुती पंख्याला साधारण २.५ मायक्रोफॅरॅडचा लागतो, स्वस्तात मिळतो, इलेक्ट्रिशियन पाच मिनिटात बदलून देतो.

नवीन घ्यायचाच असेल तर बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा, घ्या. साधा जुना पंखा फुल स्पीडला ७०-८० वॉट खातो, बीएलडीसी ३० च्या आसपास. दिवसाला १२ तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला साधारण १६ युनिट वाचतात, घरात चार पंखे असतील तर हिशोब तुम्हीच करा. पण माझ्यासाठी खरा फायदा वेगळा आहे. मे अखेरीस पहिला वादळी पाऊस येतो, माडाचं चुडत नाहीतर फणसाची फांदी तारेवर पडते आणि रात्रभर लाईट नसते, तेव्हा घरच्या इनव्हर्टरवर तीच बॅटरी दुप्पट वेळ पंखे चालवते. आई आणि लहान बाळ असलेल्या घरात ही गोष्ट किती मोठी आहे ते त्या रात्री कळतं. जुने चौकोनी डब्यासारखे रेग्युलेटर असतील तर ते पण बदला, ते स्पीड कमी करताना उरलेली वीज गरमी करून भिंतीत सोडतात, हात लावून बघा गरम लागतील. बीएलडीसीला मात्र बाहेरचा रेग्युलेटर लावू नका, त्याचं स्पीड रिमोटवरच.

एसी घेताना खोलीच्या मापाचा घ्या, मोठा नको. सगळे म्हणतात दीड टन घेऊन टाका, जास्त बरा. दहा बाय दहाच्या खोलीत जुन्या पद्धतीचा दीड टन लावला की तो पाच मिनिटात खोली गार करतो आणि कॉम्प्रेसर बंद, पण पाणी काढायला त्याला वेळ चालायला लागतं, तेवढा तो चालतच नाही. मग खोली गार पण ओली, गुहेत बसल्यासारखी. साधारण १००-१२० चौरस फुटाला १ टन, १५०-१८० पर्यंत दीड टन, वरचा मजला आणि पश्चिमेची भिंत असेल तर थोडं वर जा. इनव्हर्टर एसी आपल्या हवेला चांगला कारण तो बंद न होता कमी जोरावर चालत राहतो आणि पाणी काढत राहतो. (इनव्हर्टर एसी म्हणजे तो घरच्या बॅटरीवर चालतो असं नाही बरं का, बरेच जण तसं समजून घेतात आणि मग लाईट गेल्यावर दुकानदाराशी भांडतात.) स्टार बघताना लेबलवरचं वर्ष आणि आयएसईईआरचा आकडा (तो जितका जास्त तितकी वीज कमी) बघा, कारण स्टारचे निकष मधून मधून कडक होतात, जुन्या लेबलचा ५ स्टार नवीन निकषात खाली जाऊ शकतो. लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात ते १६०० तासांचे धरलेले असतात. तुम्ही रोज रात्री आठ तास सात महिने लावत असाल तर तुमचा आकडा त्याच्या आसपासच येतो.

एक मोठी चूक मी दोन घरात बघितली आहे, कौलांच्या खोलीत खाली सिलिंग न घालता एसी लावायचा. गार हवा खाली राहील असं वाटतं पण कौलांच्या फटीतून दमट हवा सतत येत राहते, मशीन दिवसरात्र ओरडतं आणि बिल बघून डोळे पांढरे होतात. एकतर सिलिंग नीट घाला, फटी बुजवा, नाहीतर त्या खोलीत चांगला पंखाच ठेवा, कौलाखाली रात्री पंख्यानं छान झोप लागते.

चालवायचा कसा? आधी खिडक्या उघडून पंखा फुल करून दहा-पंधरा मिनिटं आतली कोंडलेली गरमी बाहेर जाऊ दे. मग खिडक्या, व्हेंटिलेटर, न्हाणीचं दार सगळं बंद, एसी २५ किंवा २६, छताचा पंखा एक-दोन नंबरवर. पंख्यानं अंगाला दोन-तीन डिग्री कमी असल्यासारखं वाटतं, म्हणजे २६ ला २३-२४ चा आराम. १८ लावलं की खोली लवकर गार होते हा गैरसमज आहे, सुरुवातीला मशीन २४ ला पण पूर्ण जोरानंच चालतं, १८ म्हणजे फक्त थांबू नको असं सांगणं. केंद्र सरकारच्या हिशोबानं एक डिग्री वाढवली की साधारण ६ टक्के वीज वाचते, आणि १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे नवीन एसी सुरू केल्यावर २४ वरच सुरू होतात ते याच कारणानं. शिवाय १८ चा आपल्याकडे अजून एक त्रास आहे. थंड सोलकढीचा पेला टेबलावर ठेवला की बाहेरून कसं पाणी सुटतं, तसंच खिडकीच्या काचेला बाहेरून आणि शेजारच्या खोलीच्या भिंतीला पाणी सुटतं, आणि मग कपाटामागे काळी बुरशी. ती एकदा आली की जाता जात नाही.

एसीच्या स्वतःच्या ब्लोअरचं स्पीड ऑटो किंवा लो ठेवा. हाय केलं की वारा जोरात लागतो पण कॉइलवरून, म्हणजे आतल्या गार नळ्यांवरून, हवा घाईत जाते आणि पाणी कमी निघतं. पट्ट्या वरच्या दिशेला करा, गार हवा आपोआप खाली येते, सरळ अंगावर घेऊ नका. आईच्या गुडघ्यांवर थेट हवा गेली की सकाळी तिला उठताना त्रास व्हायचा, पलंग दोन फूट सरकवला आणि पट्ट्या वर केल्या, तेवढ्यानं बरं पडलं. स्लीप मोड लावा, तो रात्री तापमान हळूहळू एक-दोन डिग्री वाढवतो, पहाटे गारठून उठायला होत नाही.

ड्राय मोड, तो थेंबाचा बारका फोटो असतो रिमोटवर, हे बटण गोव्यातल्या माणसानं ओळखायलाच हवं. जुलै-ऑगस्टमधे बाहेर २५-२६ असतं, गरमी अशी नाहीच, पण अंथरूण दमट, कपडे वाळत नाहीत, भिंतीला वास. तेव्हा कूल लावलं की थंडी वाजते, ड्रायमधे मशीन हळू ब्लोअरवर मुख्यतः पाणी काढतं. रात्री झोपण्याआधी एक-दीड तास लावला की चादरी कोरड्या लागतात. मे मधे ड्रायवर विसंबू नका, तेव्हा गरमी काढायला कूलच हवं.

हे पाणी जातं कुठे ते पण बघा. आमच्याकडे ड्रेनच्या पाइपखाली बादली ठेवली तर दमट रात्रीनंतर सकाळी अर्धी भरलेली असते. फरशी पुसायला, झाडांना चांगलं. बॅटरीत मात्र घालू नका, दिसायला स्वच्छ असलं तरी कॉइलवरची घाण आणि धातूचे अंश त्यात उतरलेले असतात. आणि घरातल्या युनिटमधून भिंतीवर पाणी गळायला लागलं तर घाबरू नका, दहात नऊ वेळा ड्रेन तुंबलेला असतो. गेल्या वर्षी मेकॅनिकनं आमचा पाइप काढून फुंकला तर आतून वीतभर लांब जेलीसारखा करडा गोळा बाहेर पडला, हाताला गुळगुळीत, वास कुजकट. ती शेवाळ-बुरशीच असते, आपल्या हवेत वाढणारच. पाइपला पूर्ण उतार हवा, मधे कुठे वळसा घेऊन वर चढलेला नको. फिल्टर तर तुम्ही स्वतःच काढा, दर पंधरा दिवसांनी, नळाखाली धुवा, सावलीत पूर्ण वाळवा आणि परत लावा. तुंबलेल्या फिल्टरनं कॉइलवर बर्फ जमतो आणि माणूस समजतो गॅस गेला.

गॅसचं नीट समजून घ्या कारण इथे लोकांचे पैसे पाण्यात जातात. एसीचा गॅस गाडीच्या पेट्रोलसारखा संपत नाही, बंद नळ्यांमधे तोच तोच फिरत असतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. माझ्या बहिणीचा फ्लॅट कळंगुटकडे, समुद्र हाकेच्या अंतरावर, तिच्याकडे लागोपाठ दोन वर्षं सर्व्हिसवाल्यानं गॅस भरला आणि पैसे घेऊन गेला, गळती कोणी शोधलीच नाही. तिसऱ्या वर्षी दुसरा मेकॅनिक आला, त्यानं साबणाचा फेस करून जोडांना लावला, बाहेरच्या युनिटच्या एका कोपऱ्यात बारीक बुडबुडे यायला लागले. खाऱ्या हवेनं कॉइल खाल्ली होती, अॅल्युमिनियमच्या पात्या बोटानं चोळल्या तर पांढरी पूड. म्हणून गॅस भरायच्या आधी "गळती कुठे आहे ते दाखवा" असं स्पष्ट सांगा. किनाऱ्याजवळ राहत असाल तर गंजरोधक थर दिलेली कॉइल असलेला एसी घ्या, बाहेरचं युनिट समुद्राच्या थेट वाऱ्यात लावू नका, आणि महिन्या-दोन महिन्यांनी मेन बंद करून साध्या गोड्या पाण्यानं कॉइल धुवा, जोराचा फवारा नको, पात्या वाकतात. आमच्यासारख्या आतल्या गावात मीठ कमी पण मुंग्या आणि पाली, त्या बाहेरच्या युनिटच्या सर्किट बोर्डात शिरतात आणि बोर्ड जळतो. वायर आत जाते ती भोकं बुजवून घ्या. नवीन मशीनमधे बहुतेक आर ३२ गॅस असतो, तो थोडा पेट घेणारा आहे, त्यामुळे कोणाही ओळखीच्या पोराला उघडायला देऊ नका.

वायरिंग. एसीला स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारं बटण), दीड टनाला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, नीट अर्थिंग. एक्स्टेंशन बोर्डवर एसी कधीच नाही. अर्धा तास चालल्यावर बंद करून प्लगला हात लावा, गरम लागला किंवा पिवळा पडलेला दिसला तर त्याच दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलवा, आगी इथूनच लागतात. गावात मे मधे सगळ्यांचे एसी एकदम लागले की व्होल्टेज पडतं, तुमच्या मशीनची व्होल्टेजची मर्यादा माहितीपुस्तकात बघा आणि तेवढ्यात भागत नसेल तर स्टॅबिलायझर घ्या. लाईट जाऊन आली की लगेच चालू करू नका, तीन मिनिटं थांबा. आणि वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की एमसीबी सरळ खाली पाडा.

घरात म्हातारं माणूस असेल तर हे जरूर वाचा. म्हाताऱ्यांना तहान लागलेली कळत नाही, उकडलेलं पण उशिरा कळतं, आणि बिलाच्या काळजीनं ते आपण नसताना पंखासुद्धा बंद करून बसतात. त्यांना २६ आणि पंखा असं लावून द्या, रिमोटवरची दोन बटणं शिकवा, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवा. चक्कर, मळमळ, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं तर एसी लावत बसू नका, ओल्या फडक्यानं अंग पुसत पंख्याखाली ठेवा आणि लगेच १०८ ला फोन करा. आणि एसीच्या बंद खोलीत डासांची कॉइल किंवा धूप लावू नका, स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, तोच धूर सगळे रात्रभर ओढतात. मच्छरदाणी लावा, पंख्याच्या वाऱ्यात तसेही डास कमी बसतात.

सर्व्हिसिंग शिगम्याच्या आधी करून घ्या, एप्रिल उजाडला की कोणी मेकॅनिक फोन उचलत नाही. पाऊस सुरू झाला आणि एसी लागत नाही म्हणून चार महिने तसाच सोडू नका, पंधरा दिवसातून एकदा अर्धा तास ड्रायवर चालवा नाहीतर आत बुरशी धरते, आणि मधल्या दिवसात रिमोटचे सेल काढून ठेवा, दमट हवेत ते फुटून रिमोट खराब करतात. चवथ झाली, पाऊस ओसरला की ऑक्टोबरचा उकाडा परत सुरू होतो, तेव्हा पहिल्यांदा लावताना फिल्टर धुऊन खिडक्या उघड्या ठेवून अर्धा तास नुसता फॅन मोडवर चालवा, तो कोंदट वास निघून गेला की मग खिडक्या बंद करून कूल लावा.